पाठीवर तूरडाळ

“मोठी आई, तू तिकडं मरायले चालली का?”

विचारलं एकदाचं. मूर्तिजापूरच्या फलाटावर, पॅसेंजरमधून उतरल्या उतरल्या, पाठीवर तूरडाळीनं भरलेली सॅक घेऊन, सगळ्यांच्या देखत विचारलं. बाकावरच्या एका काकांनी पेपर खाली केला. मोठी आई मात्र बुटाची लेस बांधत होती, ती बांधतच राहिली. बुटांवर तिनं स्वतः शिवलेल्या खोळी होत्या, मोठ्या बाबांच्या जुन्या राखाडी पँटच्या, खाली इलॅस्टिक आणि वर बटण, म्हणजे रेती आत शिरणार नाही. मोठे बाबा जाऊन चार वर्षं झाली आणि त्यांची पँट आता मूर्तिजापूरपर्यंत येऊन पोचली होती, अजून राजस्थानपर्यंत जाणार होती. मोठ्या आईनं दुसरी गाठ मारली, ओढून पाहिली आणि म्हणाली, “नाई. चालायले चालली.” मग उठली, स्वतःची सॅक चढवली आणि जणू मी चहाच विचारला होता अशा आवाजात म्हणाली, “तू चालतं का, का इथंच बसतं?” हा आमच्याकडचा शब्द. पुण्याच्या माझ्या आतेबहिणीला ‘चालतं का’ म्हटलं की ती ‘काय चालतं?’ असं विचारते, तिला वाटतं आपण साखर कमी चालेल का वगैरे विचारतोय. आमच्याकडे ‘चालतं का’ म्हणजे येतेस का, सोबत निघतेस का. मोठी आई गेला महिनाभर मला सकाळी उठवताना हेच दोन शब्द म्हणते आणि मी महिनाभर उशीत तोंड खुपसून ‘नाई’ म्हणते आणि तरी तिच्या मागे चालत असते. वैताग आहे नुसता.

हे विचारायचं डेअर माझ्या मैत्रिणीचं, शाइस्ताचं होतं. अमरावतीच्या राजकमल चौकात गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खाता खाता मी सगळं सांगत होते, की माझी मोठी आई, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, बासष्ट वर्षांची, अकोल्याच्या मुलींच्या शाळेतून शिवणाची शिक्षिका म्हणून रिटायर झालेली, आता जैसलमेरच्या पुढच्या वाळवंटात पंधरवडाभर पायी चालायला जाणार आहे, कुठल्याशा ग्रुपसोबत, तंबूत झोपणार आहे. बाकी सगळ्या ‘वॉव’ म्हणाल्या. शाइस्ता पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, “मरने जा रही क्या? पूछ ना उनको. स्टेजवर त लय बोलते तू, घरात पूछ के बता.” आता हे मला कुणी म्हणायचं नाही. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करताना माइक बंद पडला होता आणि मी माइकशिवाय, नुसत्या गळ्यावर, शेवटच्या रांगेत बसलेल्या शिपायांपर्यंत ऐकू जाईल असं अख्खं बक्षीस वितरण पार पाडलं होतं. तेव्हापासून मला कळलंय की माझ्याकडे आवाज आहे. त्याआधी पंधरा वर्षं तो कुठे होता कोण जाणे. आता तो आहे आणि मी तो वापरते. पण खरं सांगायचं तर शाइस्ताचा प्रश्न आधी माझ्या पोटात होता, तोंडात नंतर आला. मोठे बाबा दूध आणायला म्हणून बाहेर पडले होते आणि परत आली ती फक्त त्यांची दुधाची बरणी, शेजाऱ्यांच्या हातात, रिकामी, घासलेली. तेव्हापासून घरातलं कुणी चप्पल घालून निघालं की मी दाराशी जाऊन ते गल्लीतून वळेपर्यंत बघत राहते. हे मी कुणाला सांगत नाही. आवाज आहे, तरी सांगत नाही.

आणि मला तिच्यासोबत पाठवलं होतं ते चालायला थोडंच? वळवायला पाठवलं होतं. बाबा फोनवर म्हणाले होते, “आचल, तू सांग तिले. तुझं ऐकते ते. आमी सांगतलं त हासते.” आज दुपारी आई-बाबा अमरावतीहून गाडी घेऊन येणार, दर्यापूरच्या बाजूला रस्ता जिथं रुळांना ओलांडतो त्या जुन्या फाटकापाशी थांबणार, तोवर मी मोठ्या आईला वाटेत पटवून ठेवायचं, आणि मग सगळ्यांनी बसून, डबा खाऊन, गोडीगुलाबीनं ते वाळवंट रद्द करायचं, असा बेत होता. माझ्या आई-बाबांचे बेत असेच असतात, त्यात डबा नेहमी असतो.

आम्ही फलाटाच्या शेवटाशी उतरून शकुंतलेच्या रुळांवर आलो. छोट्या रुळांची गाडी, आता बंदच. मी लहान असताना मोठे बाबा मला तिच्यातून घेऊन गेले होते आणि वाटेत लोक उतरून लघवीला जाऊन धावत परत गाडीत चढत होते एवढंच मला आठवतं. आता रुळांना गंज चढलाय, मधून बाभळी उगवल्यात, गुराखी त्यावर बसतात. मोठ्या आईनं ही वाट निवडली कारण तिथं गिट्टी आहे. गिट्टीवर पाय डगमगतो, तिच्या म्हणण्याप्रमाणे घोटा तयार होतो. आणि रुळांखालच्या त्या आडव्या स्लीपर! दोन स्लीपरींमधलं अंतर कोणत्या शहाण्यानं ठरवलं मला माहीत नाही, एकावर एक पाय टाकावा तर चिमणीसारखं टुणटुण जावं लागतं, एक सोडून टाकावा तर मांड्या फाटतात. माणसाच्या चालीला ते जुळतच नाही. मोठी आई स्लीपरी सोडून सरळ गिट्टीवरून चालत होती, पुढं झुकून, हात सॅकच्या पट्ट्यांत अडकवून. आणि मी मागून, पाठीवर डाळ. सॅकला वजन पाहिजे म्हणून तिनं दालमिलमधून तूरडाळीच्या पिशव्या आणल्या होत्या, तिच्या सॅकमध्ये जास्त, माझ्यात कमी. मी म्हटलं होतं, विटा टाक, पुस्तकं टाक. तर म्हणे, “विटेचं मग काय करतं? डाळ कामी पडते.” सरावाला नेलेलं वजनसुद्धा हिच्या घरात परत येऊन शिजलं पाहिजे! गेला महिना आम्ही जे वरण खाल्लं ते सगळं आधी आमच्या पाठीवरून फिरून आलेलं होतं.

मार्चमध्ये माझा दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ती अमरावतीला आमच्याकडे आली होती, आणि भजी तळता तळता, झारा हातात धरून, म्हणाली, “मी वाळवंटात चालली.” बाबा म्हणाले, “कौंडण्यपूरच्या? पण जत्रा त कार्तिकात असते न वहिनी?” कारण आमच्या घरी वाळवंट म्हणजे नदीकाठची रेती, कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी दरवर्षी आम्ही त्या रेतीत चादर टाकून पुरीभाजी खातो. मोठी आई म्हणाली, “नाई भाऊजी. राजस्थानातल्या.” तेव्हा कढईतल्या तेलाचा आवाज एकदम मोठा ऐकू आला. मग बाबा हसले, मग आई हसली, मग दोघंही थांबले, कारण मोठी आई हसत नव्हती, भजी काढत होती. आणि त्या दिवसापासून आमच्या घराण्यात ऊन सुरू झालं. आत्याचा फोन आला, ऊन. नागपूरच्या चंद्रभानकाकांचा फोन आला, ऊन. बाबा रोज सकाळी तिला उष्माघाताचे मेसेज पाठवू लागले, त्यात एका घामाघूम माणसाचं चित्र आणि खाली लाल अक्षरं. आई म्हणायची, “अकोल्याच्या माणसानं ऊन खायले राजस्थानात जायचं? इथलं काय कमी पडून राहिलं?” आणि मोठी आई यावर जी काही जिद्दीला पेटली! अकोल्याच्या उन्हाचा हा अपमानच तिला वाटला असावा. एप्रिलच्या भर दुपारी, कुत्री नालीत बसलेली असताना, ही डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवून, गच्चीवर फेऱ्या मारायची. शेजारी एक बिल्डिंग चढते आहे, तिथं रेतीचा मोठा ढीग आहे. संध्याकाळी ही त्या ढिगावर चढायची, उतरायची, परत चढायची. बिल्डिंगवाला योगेश एक दिवस हात जोडून म्हणाला, “काकू, ढीग होता, त्याचं अंगण झालं न. अर्धी रेती रोडवर गेली.” तर हिनं मला फावडं दिलं. मी! सूत्रसंचालक! भर रस्त्यात फावड्यानं रेती ओढत होते आणि ही वरून सांगत होती, “अजून वर टाक. चढ कमी झाला.”

मी अकोल्यात का, तर क्लास. आमच्या अमरावतीत क्लास नाहीत असं नाही, पण डॉक्टर व्हायचं म्हणजे अकोल्याला जायचं असं बाबांचं म्हणणं, त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं तिकडेच. जूनपासून अकरावी-बारावी दोन वर्षं मी मोठ्या आईकडे राहणार, आणि सवय व्हावी म्हणून एप्रिलपासूनच मला तिथं टाकलेलं. मला कुणी विचारलं नव्हतं. तिलाही कुणी विचारलं नव्हतं, पण हे मला तेव्हा दिसलं नाही, कारण मी तिच्या हातची वांग्याची भाजी खात होते. क्लासच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी होस्टेलं आहेत, खिडक्यांवर वाळत घातलेले टॉवेल, आणि दुपारी त्या जिन्यांमधून मेसचा एक वास खाली उतरतो, कोबी उकळल्याचा आणि ओल्या भांड्यांचा. बुलढाण्याकडची एक मुलगी माझ्या शेजारी बसते, तिचा मेसचा डबा मी पाहिला आहे. वरणात डाळ शोधावी लागते. पोळी दुपारपर्यंत चप्पल होते. मी तिला माझा डबा देते आणि ती डोळे मिटून खाते आणि मला उगीचच श्रीमंत वाटतं. तर असं. जगात मेस आहे आणि मोठी आई आहे आणि मी मोठ्या आईच्या बाजूला आहे, म्हणून मी नशीबवान, एवढंच मला माहीत होतं, गेल्या आठवड्यापर्यंत. गेल्या आठवड्यात आईचा फोन स्पीकरवर होता. ती नागपूरच्या काकूंशी बोलत होती, मी पाणी प्यायला फ्रिजपाशी उभी होते, दोन दिवसांसाठी घरी आलेली. काकू म्हणाल्या, पोरीच्या जेवणाखाण्याचं काय? आणि आई म्हणाली, “त्याची चिंता नाई. ताई रिकाम्याच हायेत न.” ताई म्हणजे मोठी आई. वाईट असं काही म्हणाली नाही. दार उघडं आहे, ऊन आलं आहे म्हणावं तसं, ताई रिकाम्या आहेत. मी पाणी प्यायले. पण तो शब्द फ्रिजच्या दारात अडकून राहिला, दार नीट लागेना.

रिकामी. म्हणजे बरणी रिकामी असते, खोली रिकामी असते. मग मला एकामागून एक दिसायला लागलं, नको असताना. मोठे बाबा गेले आणि चौदावा दिवस झाला तसं आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं, मोठी आई आमच्या ओट्याशी उभी, पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं पोळ्या लाटते आहे, आणि मी बारा वर्षांची, ताट धरून, अजून एक दे म्हणते आहे. मग पुण्याला, आतेबहिणीचं बाळंतपण. मग नागपूरला, काकांचे गुडघे. कुणाच्याही घरात काही बिघडलं की बाबा म्हणायचे, वहिनीले बोलावून घ्या, त्या रिकाम्याच हायेत. प्रत्येक ठिकाणाहून ती एक साडी घेऊन परतायची. तिच्या कपाटात त्या घडीच्या घडी पडून आहेत, बाळंतपणाची मोरपंखी, गुडघ्यांची डाळिंबी, पित्ताशयाची अबोली. ती एकही नेसत नाही. आता तर ती पंजाबी ड्रेस आणि बूट घालून रुळांवर चालते आहे, आणि माझ्या मते फार वाईट दिसते, आणि मला तिची फार भीती वाटते आहे, आणि तिला याची काही पडलेली नाही.

कारण ती बोलत होती. चालताना ती सतत बोलते, माझा जीव जातो आणि तिचा श्वाससुद्धा हलत नाही. एका म्हाताऱ्याला तिनं शेळ्यांचे भाव विचारले. बाभळीच्या शेंगांना हात लावला. मी बाटली काढली तर म्हणाली, “घोट घोट पे. गटगट नाई.” तिचं माहेर खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही तिथलं, गोडं पाणी दूर गावाहून डोक्यावर आणायचं. म्हणून पाण्याच्या बाबतीत ती भयंकर आहे. मी तोंड धुतलं असतं तर मला मारलं असतं. सूर्य वर आला होता, गिट्टी तापायला लागली होती, पाठीवर डाळ एका बाजूला घसरून बरगडीत टोचत होती, बुटात एक खडा होता आणि थांबायची सोय नव्हती. मला राग आला. खड्याचा, डाळीचा, बाबांचा, शाइस्ताचा. मी ओरडले, “तू ऐकलंच नाही मी काय विचारलं ते! मी मजाक नाही करत होते. तिथं ऊन लागून पडली तर? पंचेचाळीसमध्ये? तिथं दवाखाना नाही, काही नाही!”

“मी अकोल्याची हो,” ती पुढूनच म्हणाली. “मले ऊन सांगू नको.”

“अगं पण जायचं कवा आहे? मे मधी?”

“नाई वं. संक्रांत झाली की.”

मी थांबले. खरंच थांबले, एक पाय स्लीपरवर, एक गिट्टीत. संक्रांत झाली की. म्हणजे जानेवारी. मला त्या वाळवंटाचे व्हिडिओ आठवले, मी पन्नास वेळा पाहिलेले, भीती घालायला काही सापडतं का म्हणून. त्यात सकाळी तंबूतून बाहेर येणाऱ्या बायका कानटोप्या घालून होत्या, जाड जॅकेटं, चहाच्या पेल्याला दोन्ही हातांनी धरलेलं, तोंडातून वाफ. मला वाटलं होतं, फॅशन. एकानं बाटली उलटी करून दाखवली होती आणि पाणी पडलं नव्हतं, मला वाटलं झाकण घट्ट असेल. अख्ख्या खानदानात, अकोला, अमरावती, नागपूर, पुणे, दोन महिने ऊन ऊन करून डोकं उठवलं आणि एकाही माणसानं महिना विचारला नाही. मी पण नाही! कारण आमच्यासाठी वाळवंट म्हणजे ऊनच, थंडी तिकडं कशाला जाईल, थंडी तर चिखलदऱ्याला असते.

“मोठी आई,” मी म्हटलं, “तिथं थंडी असते.”

ती वळली. “कुठं?”

“वाळवंटात. जानेवारीत. रात्री पाणी गोठते तिथं. स्वेटर लागते. टोपी लागते. ऊन काहीच नाही. कोवळं असते, आपल्याकडच्या दिवाळीसारखं.”

 मग तिनं खिशात हात घालून कांदा बाहेर काढला. महिनाभर तिच्या खिशात फिरलेला, साल सुटलेला कांदा. त्याच्याकडे पाहिलं. “अव माय,” ती म्हणाली. “मंग मी एप्रिलभर गच्चीवर कायले मेली?” आणि ती अशी हसायला लागली, की सॅकसकट रुळावर बसलीच, तूरडाळ तिला मागे ओढत होती आणि ती कांदा हातात धरून हसत होती. शेळ्यांवाला म्हातारा दुरून पाहत होता. मीही हसले, मग मला रडू आलं, मग मी बुटातला खडा काढला. तिच्या शेजारी बसले. रूळ चटके देत होता. तिनं आपला दुपट्टा माझ्या खाली सरकवला, विचारलं नाही, न विचारताच असं काही करायची तिला सवयच आहे, आणि त्याच सवयीचा मला त्या क्षणी इतका वैताग आला की मी दुपट्टा काढून तिच्या अंगावर टाकला आणि विचारलं, “पण कायले जातं? सांग न. एकदा नीट सांग.”

ती कांदा उगीच सोलत बसली. मग म्हणाली, “मी जिथं गेली न आचल, तिथं कोनाचा न कोनाचा ओटा होता. पोचली, पाय धुतले, की गॅसचं बटन कुठं हाय ते पायलं. काशीले गेलती तुह्या मोठ्या बाबासंग, तं धर्मशाळेतबी स्टो होता.” कांद्याचा थर तिनं रुळावर ठेवला. “या वाळवंटाचा मी फोटो पायला. रेती, रेती, रेती. मी लय शोधला. ओटा नाई कुठंच.”

“मग सैपाक कोण करते?”

“बाप्ये,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जैसलमेरचा किल्ला तिला कुणी फुकट दाखवला असता तरी तसं आलं नसतं.

पुढचं सगळं अंतर मी उडत गेले. कारण आता माझ्याकडे मुद्दा होता. ऊन संपलं होतं. बाबांचा घामाघूम माणूस संपला होता. मी मनातल्या मनात स्टेजवर उभी राहिले आणि बाबांना सांगितलं, की सन्माननीय पालकहो, आपला एकमेव आक्षेप ऊन हा होता, तो आता उरलेला नाही, तरी आपण परवानगी देऊन आई, म्हणजे मोठी आई, यांना एक चांगला स्वेटर घेऊन द्यावा. मला वळवायला पाठवलं होतं आणि मीच वळले होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. पायांना लय सापडली होती, स्लीपरींकडे न बघता. माझ्या मागे मोठी आई होती. पहिल्यांदाच.

फाटकापाशी कडुनिंबाखाली गाडी उभी होती. आईनं बोनेटवर पेपर अंथरून डबे मांडले होते, बाबा रुमालानं मान पुसत होते. आम्हाला बघताच ते पुढे आले आणि मोठ्या आईच्या पाठीवरची सॅक उतरवायला लागले. “बाप्पा! काय भरलं इच्यात वहिनी?” “डाळ,” मी म्हटलं. आई म्हणाली, “डाळ? कायले? पोळीभाजी आणली न मी.” मग बाबांनी सुरुवात केली. पाहा वहिनी, आत्ता मे चालू आहे, इथंच ही हालत आहे, तिथं उष्माघात... मी त्यांना बोलू दिलं. पूर्ण बोलू दिलं, कारण मला मजा येत होती. आणि मग म्हटलं, “बाबा, जानेवारीत आहे ते. तिथं थंडी असते. तुम्ही महिना विचारलाच नाही.”

बाबांचा रुमाल मानेवरच थांबला. त्यांनी मोठ्या आईकडे पाहिलं, तिनं मान हलवली. “जानेवारीत?” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, सुटका झाल्यासारखं, आणि मला वाटलं, झालं, जिंकले. आणि तेवढ्यात आई, भाजीच्या पातेल्याचं झाकण हातात घेऊन, म्हणाली, “जानेवारीत? मंग हिचं कसं? जानेवारीत त हिच्या टेस्ट असतात. जेवनाचं कसं हिच्या?”

“हो न,” बाबा म्हणाले. “हे त लक्षातच नाई आलं. वहिनी, हे मोठं कठीण हाय. पोरगी एकटी कशी राहीन?”

ऊन गेलं होतं आणि त्याच्याखाली हे होतं. इतका वेळ हेच होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं, बाबांना उन्हाची खरीच भीती वाटत होती, पण त्या भीतीखाली माझा डबा होता, स्टीलचा, तीन कप्प्यांचा, गरम. मी मोठ्या आईकडे पाहिलं.  तिचा हात कमरेपाशी गेला, पदर खोचायला, आणि तिथं पदर नव्हता, ड्रेस होता, तर तो हात तिथंच एक क्षण चाचपडत राहिला. मग तिनं बोनेटवरच्या ताटल्या उचलल्या, एक बाबांना दिली, त्यात पोळी टाकली, भाजी वाढली. “जाऊ द्या,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी पाहू. पोरीचं शिक्षन आधी.” बुटांवर मोठ्या बाबांची पँट, धुळीनं पांढरी झालेली. खिशात अर्धा कांदा. आणि ती वाढते आहे, आणि बाबा ‘भाजी थोडी अजून’ म्हणतायत, आणि पुढच्या वर्षी माझी बारावी, त्याच्या पुढच्या वर्षी कुणाचे तरी गुडघे.

माझ्या नाकात मेसच्या जिन्यातला तो वास आला, खरंच आला, कोबीचा, ओल्या भांड्यांचा.  मी मोठ्या आईच्या हातातलं भाजीचं पातेलं घेतलं. ती सोडेना. मी ओढलं.

“तू बस,” मी म्हटलं. “वाढते मी.”

“अवं भाजून राहिलं ते, सोड—”

“बस म्हटलं न!” आवाज निघाला, माइकशिवायचा, शेवटच्या रांगेपर्यंतचा. रस्त्यानं जाणारा एक मोटरसायकलवाला वळून बघून गेला. पातेलं खरंच भाजत होतं, उन्हानं. “बाबा, आई, ऐका. मी ठरवलं. जूनपासून मी मोठ्या आईकडं नाही राहणार. क्लास अकोल्यालाच करीन, पण होस्टेलला राहीन. मेसचा डबा लावीन. दोन वर्षं. ती रिकामी नाही. ती चालायला चालली आहे.”

आई म्हणाली, “आचल, काहीबाही बोलू नको,” पण आवाजात जोर नव्हता. मोठी आई बोनेटला टेकून उभी होती, बसायला सांगितलेलं माणूस कसं बसतं ते तिला माहीत नसल्यासारखी. मग हळूच दगडावर बसली. बाबांनी ताटलीतल्या पोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अवं पण मेसचं,” ते म्हणाले. “पाण्यासारखं वरण देतात ते. चालते का तुले?”

“चालते,” मी म्हटलं.